जाऊ उभी राहिली आहे, मत कुणाला घालू?

पत्र असं आहे:

"बाई, सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. लग्नाला अकरा वर्षं झाली. या खेपेला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झालाय. माझे चुलत दीर आजवर वॉर्डचे पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य होते, त्यांना आता उभं राहता येत नाही, म्हणून जाऊबाईंना उभं केलंय. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना मध्यरात्री अटॅक आला तेव्हा याच दिरांनी गाडी काढून त्यांना बांबोळीला पोचवलं आणि नऊ दिवस तिथल्या सरकारी इस्पितळात, जीएमसीत, आमच्याबरोबर राहिले. दुसरी उमेदवार पलीकडच्या वाड्यावरची आहे, बचत गट चालवते. वरचा डोंगर कापायला लागले तेव्हा ग्रामसभेत ती एकटी उठून बोलली. आमच्या घरी तिला आगाऊ म्हणतात. तिसरी आमदारांच्या पॅनलची. तिला निवडून दिलं नाही तर पाच वर्षं कामांची वाट बघत बसा, असं तिची माणसं सांगत फिरतात.

डोंगर कापल्यापासून आमच्या झरीचं पाणी पावसाळ्यात तांबडं येतं. मला मनातून दुसरीला मत घालायचंय. पण परवा रात्री दीर आणि जाऊ घरी आले, देवापुढे नारळ ठेवला आणि आम्हा सगळ्यांना त्यावर हात ठेवायला लावला. मीही ठेवला. तेव्हापासून झोप नाही. वॉर्डात जेमतेम चारशे मतं, माझं मत फुटलं ते कळेल का? शपथ मोडली तर काय? आणि एवढे उपकार असताना दुसरीकडे मत घातलं तर मी कृतघ्न ठरते का?"

प्रिय बाय,

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे दोन त्याच्या ओझ्याखाली दबलेत.

बांबोळीला वॉर्डाबाहेरच्या बाकावर ज्याने रात्र काढली आहे, त्यालाच ठाऊक की सोबतीचा माणूस म्हणजे काय. औषधाची चिठ्ठी घेऊन खाली धावायचं, रक्त द्यायला माणसं गोळा करायची, घरी फोन लावून "बरे आसात, भियेनाकात" म्हणायचं आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तुझ्या दिरांनी हे नऊ दिवस केलं. ते ऋण खरं आहे आणि तू ते जन्मभर मानावंस. त्यांच्या मुलांच्या दहावी-बारावीला जागून अभ्यास घे. जाऊ आजारी पडली तर तिच्या घरची चूल सांभाळ. त्यांच्यावर अशीच रात्र आली तर बोलावणं यायच्या आत तू तिथे पोच. पण एक गोष्ट ध्यानात घे. त्या रात्री त्यांनी गाडी काढली ती पंच म्हणून नव्हे, काकांना घेऊन जाणारा पुतण्या म्हणून. उद्या त्यांच्या घरात पंचपद नसलं तरी ते गाडी काढतीलच. काढणार नसतील तर त्या रात्रीला उपकार म्हणता येत नाही, तो आगाऊ भरलेला हप्ता होता. मला वाटतं तुझे दीर तसे नसावेत. तसे असते तर तुला एवढी टोचणी लागली नसती.

नात्याचं देणं नात्यात फेडावं, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डातून माझा चुलत भाऊ उभा होता. माझे वडील गेले तेव्हा तिरडी बांधण्यापासून तेराव्याच्या पंगतीपर्यंत सगळं त्याने अंगावर घेतलं होतं. मी त्याला मत घातलं, घरातल्या सगळ्यांना घालायला लावलं, चार घरी जाऊन शब्दही टाकला. तो पंच म्हणून काय करील हा विचार एकदाही मनात आला नाही. तीन वर्षांनी आमच्या शेताच्या खालच्या अंगाला मातीचे ट्रक यायला लागले. पाणी जायचा व्हाळ होता, तो बुजला. त्याच जुलैत आमच्या मागच्या पडवीत घोट्यापर्यंत पाणी आलं आणि भाताची दोन पोती कुजली. परवाना कुणी दिला हे विचारायला मी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपये फी भरली आणि पंधरवड्यात बैठकीच्या इतिवृत्ताची झेरॉक्स हातात पडली. ठराव तीन ओळींचा होता. खाली हजर पंचांच्या सह्या, आणि तिसरी सही माझ्या भावाची. शाळेत तो माझ्याच बाकावर बसायचा, 'र'ला लांब शेपटी काढायचा, ती शेपटी तशीच होती. मी कागद घेऊन त्याच्याकडे गेले. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "ताई, सगळ्यांनी केली म्हणून मी केली. कुणी काही विचारलंच नाही."

ते शेवटचं वाक्य माझ्याच अंगावर आलं. तीन वर्षांत मी एकाही ग्रामसभेला गेले नव्हते. मत मागायला आला त्या दिवशी सुद्धा मी त्याला चहा दिला, प्रश्न विचारला नाही. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. पण चांगला भाऊ आहे म्हणजे चांगला पंच होईल असं मी धरून चालले, आणि ती चूक माझी होती.

म्हणून तिघींकडे बघण्याआधी पंचाच्या हातात नक्की काय असतं ते नीट पाहू. आपल्याकडे निवडणुकीत बोलणं होतं ते हॉटमिक्सच्या डांबरी रस्त्याचं, गटाराचं, विजेच्या दिव्यांचं. रस्ता मोठा असेल तर तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा, वीज वीज खात्याची, आणि तिथे आमदाराचा शब्द चालतो. पंच त्या कामाला नारळ फोडायला उभा असतो आणि फोटोत दिसतो, म्हणून ते काम त्याच्या नावावर जमा होतं. पंचायतीच्या स्वतःच्या हातात असतात ते बांधकाम परवाने, घरपट्टी, धंद्याचे परवाने, कचरा, बेकायदा बांधकामावर नोटीस, आणि ठराव. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने दिलेली ही कामं आहेत. दिसायला कोरडी, सचिवाच्या टेबलावरच्या फायलीत पडून असणारी. तुझ्या झरीचं पाणी मात्र त्याच फायलीत तांबडं झालं.

डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते, आणि ती पंचायत देत नाही. त्यामुळे कुठलाही पंच तुला म्हणेल, "वरून मंजूर होऊन आलं, आमच्या हातात काय होतं?" यात अर्धं खरं आहे. नगर नियोजन खात्याचा दाखला जोडलेली फाईल आली की पंचायतीला मन मानेल तशी ती अडवता येत नाही. पण परवाना देण्याआधी जागेवर जाऊन पाहणं, खाली झर आहे, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा आहेत हे लेखी कळवणं, परवानगीपेक्षा जास्त कापलं जात असेल तर काम थांबवायची नोटीस काढणं, ग्रामसभेत विषय आणून ठराव घेणं, हे सगळं करता येतं. करणारे पंच मी पाहिलेत. बैठकीत आपली हरकत लिहून घ्यायला लावणारा एकटा पंचसुद्धा फरक पाडतो, कारण पुढे कुणी वर दाद मागितली तर तेच पान कामाला येतं.

तेव्हा पहिलं काम हे कर. तुझे दीर पंच असताना त्या डोंगराचा विषय कुठल्या बैठकीत आला आणि त्यांनी काय केलं, ते शोध. पंचायत सचिव हाच तिथला जन माहिती अधिकारी असतो. साध्या कागदावर अर्ज लिही: अमुक सर्व्हे क्रमांकातल्या बांधकाम परवान्याचा ठराव, त्या बैठकीचं इतिवृत्त आणि हजर पंचांची नावं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून मतदानाची तारीख बघून आजच दे. तुझ्या नावाने अर्ज गेला तर घरी कळेल अशी भीती वाटत असेल तर झरीखालच्या दुसऱ्या कुळागरवाल्याला द्यायला सांग, त्याचाही जीव त्या पाण्यातच आहे. कागदात दिरांनी विरोध नोंदवलेला निघाला तर तुझं अर्धं ओझं उतरेल आणि मला माझे शब्द मागे घ्यायला आनंद होईल. सही निघाली तर निदान तू अंधारात राहणार नाहीस.

आता जाऊ. तुझ्या पत्रात दिरांबद्दल कितीतरी आहे आणि जावेबद्दल जेमतेम एक ओळ. उमेदवार ती आहे, बाय. पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा बायकांना मिळाव्यात म्हणून घटना बदलावी लागली. आपल्या गोव्यात तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं महिला आरक्षण कायद्याप्रमाणे झालं नाही म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले, तिथे ते रद्द झालं, आणि १२ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. राज्य निवडणूक आयुक्त हा सरकारी सेवेतला अधिकारी नसावा, स्वतंत्र असावा, असंही त्याच निकालात बजावलं. एवढ्या झगड्याने राखलेल्या खुर्चीवर बाईने बसावं आणि सही मात्र नवरा सांगेल तिथे करावी, हे मला सहन होत नाही. पण तुझी जाऊ तशीच वागेल असंही मी धरून चालणार नाही. नवऱ्याच्या जागी उभ्या केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पहिलं वर्षभर त्या मान खाली घालून बसल्या, आणि मग एक दिवस कचऱ्याच्या गाडीवरून असा आवाज काढला की सरपंच बघतच राहिला. इतकी वर्षं एका परड्यात वावरलेल्या बाईला त्या झरीचं काय झालं हे दिसलं नसेल का? तिला कुणी विचारलं नसेल.

आमदारांच्या पॅनलबद्दल फार लिहीत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती जिल्हा पंचायतीची होते. पॅनल असतं ते पडद्यामागे, आणि सगळ्या गावाला ठाऊक असतं. सरकारबरोबर राहिलात तर कामं होतात यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, खात्याचे रस्ते बहुतेक तसेच होतात. पण पंचायतीला केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी मिळतो तो पंचाचं कुणाशी जमतं ते बघून मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने तर त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. घरपट्टी आणि परवान्याची फी पंचायतीच्या तिजोरीत जाते, तीही कुणाच्या मर्जीने नाही. त्या उमेदवाराला एवढंच विचार की आमदार एक सांगतील आणि वॉर्ड दुसरं सांगेल, तेव्हा ती काय करील. ती हसून विषय बदलेल किंवा नीट बोलेल. दोन्ही उत्तरंच आहेत.

बचत गटवालीचीही परीक्षा घे. तुला ती आवडते म्हणून तिला सोडू नकोस. डोंगरावर ती बोलली ते झरीसाठी बोलली, की तिच्या वाड्याची वाट बंद होत होती म्हणून? वाटेसाठी बोलली असली तरी त्यात गैर काही नाही, पण तुला ठाऊक असावं. एकदाच बोलली की त्यानंतर लेखी तक्रारही दिली? जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा वर्षाच्या ठरलेल्या ग्रामसभा असतात, त्यांतल्या किती तिने धरल्या? बचत गटाचा हिशेब बायकांना वेळेवर दाखवते का? हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. दहा बायकांचे महिन्याचे शंभर-शंभर रुपये जी चोख सांभाळते आणि वही सगळ्यांपुढे उघडते, तिच्या हाती पंचायतीची वही द्यायला मला भीती वाटत नाही. तिच्या गटातल्या अशा एका बाईला गाठ जिचं तिच्याशी फारसं पटत नाही, आणि तिलाच विचार.

एक प्रश्न तिघींनाही विचारायलाच हवा आणि तो मतदार हमखास विसरतात. सरपंच कुणाला करणार? आपण मत घालतो ते आपल्या वॉर्डच्या एका पंचाला. सरपंच ते पंच आपापसांत निवडतात. निकाल लागला की पुढचे काही दिवस काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंचांचे फोन बंद होतात, कुणी कुठल्या हॉटेलात नेऊन ठेवलंय याची गावभर कुजबुज होते, आणि बॉडी, म्हणजे पंचायतीची सत्ता, बसते ती भलत्याच माणसाची. पुढे अडीच-अडीच वर्षांच्या वाटण्या, मग अविश्वास ठराव, मग पुन्हा तेच. तुझ्या वॉर्डने डोंगर वाचवायला पंच पाठवावा आणि त्याने जाऊन डोंगर कापणाऱ्याच्या मित्राला सरपंच करावं, असं होऊ शकतं. म्हणून उमेदवार दारात आली की साडीचोळीचं कौतुक झाल्यावर शांतपणे विचार, "बॉडी कुणाबरोबर बसवणार?" नाव सांगायला नको असेल तर निदान कुणाबरोबर बसणार नाही एवढं सांगू दे.

आता नारळ.

आपण श्रद्धेने वाढलेली माणसं. देवळात जाऊन कौल लावणारी, गाऱ्हाणं घालणारी. देवापुढे ठेवलेला हात हलका नसतो, हे मला कळतं, आणि "असल्या शपथेला काय अर्थ" म्हणून मी ती उडवून लावणार नाही. पण गाऱ्हाणं आपण आपल्या मनाने घालतो. त्या रात्री तुला कुणी विचारलं नाही, वेळ दिला नाही, घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुला तिथे हात ठेवायला लावला. कायद्याने बघशील तर दैवी कोपाचा धाक घालून मत मागणं हा निवडणुकीतला गैरप्रकार मानतात. देवाकडून बघशील तर माझा एवढाच विश्वास आहे की दुसऱ्याने बळजबरीने वदवून घेतलेला शब्द माझ्या देवाने कधी पकडून ठेवला नाही. मन शांत होत नसेल तर सकाळी एकटी देवळात जा, एक फूल ठेव, आणि खरं काय ते त्याच्या कानावर घाल. मला वाटतं तो ऐकेल. त्या रात्रीची शपथही त्याने ऐकलीच असेल, आणि तुझ्या हाताची थरथरही.

घर दुभंगतं म्हणून तू घाबरतेस, तर तुला आमच्या घरची एक गोष्ट सांगते. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. मी तेव्हा नऊ वर्षांची. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. वडील फुलाचे, कट्टर. आईचा सख्खा भाऊ दोन पानांचा, त्याहून कट्टर. दोघे एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जात. आई मध्ये. वडील तिला रोज सांगत, मामा निरोप धाडत. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. वडील त्या रात्री जेवले नाहीत. त्या साली गणेश चवथीला मामा येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. चवथीच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तो आला, खांद्यावर गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, सुपारीचे कात्रे, ओले नारळ, घामाघूम. वडिलांनी काही न बोलता खुर्ची पुढे केली आणि दोघांनी मिळून माटोळी बांधली. ज्या मतावरून गोव्याचा नकाशा ठरला, त्या मताने आमचं घर मोडलं नाही. तुमच्या वॉर्डच्या मताने तुमचं मोडेल असं मला वाटत नाही.

आणि आईने कुणाला मत घातलं? आम्ही तिला पुढे कितीदा विचारलं. ती भात निवडत असायची, सूप हलवत राहायची आणि म्हणायची, "तुमका कित्याक जाय?" तुम्हाला कशाला हवं? ती गेली तरी आम्हाला ते कळलं नाही, वडिलांनाही नाही, मामालाही नाही. तुला कुणी विचारलं तर तुलाही तेवढंच म्हणता येईल. खोटं बोलायची गरज नाही.

माझं मत फुटलं ते कळेल का, हा तुझा एक प्रश्न राहिला. मी शिक्षिका म्हणून किती निवडणुकांच्या ड्युट्या केल्या, त्याचा हिशेब नाही, त्यामुळे खात्रीने सांगते. तुमच्या वॉर्डची मतं वेगळी मोजतात, म्हणून कुणाला किती पडली ते आकडा सांगतो. कुणी कुणाला घातलं ते पेटी सांगत नाही. दीर नंतर बोटं मोजत बसतील, या घरची सहा, त्या घरची चार, म्हणून. मोजू दे. अंदाजाला पुरावा नसतो. २०२२ च्या पंचायत निवडणुका मतपत्रिकेवर झाल्या. या खेपेलाही कागद असला तर शिक्का एकाच चिन्हावर, मधोमध मार. आधी उभी घडी घाल, मग आडवी. उलट घातलीस तर ओली शाई वरच्या-खालच्या चिन्हावर उमटते आणि मोजणीच्या टेबलावर मतपत्रिकेवरून वाद होतो. घडी घातलेला कागद कुणाला दाखवू नकोस, मतदान केंद्रातल्या ओळखीच्या पोलिंग एजंटलाही नाही. फोटो काढून आण असं कुणी म्हणालं तर फोन घरीच ठेवून जा, आत नेता येतही नाही. आणि पाकीट, मिक्सर, साखरेची पिशवी असलं काही दारात आलं तर घेऊ नका, घरातल्यांनाही घेऊ देऊ नकोस, कारण तो नारळाहून वाईट फास आहे.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, हे न सांगता पत्र संपवणं बरं नाही. सगळं विचारून झाल्यावर बचत गटवालीची उत्तरं पटली तर मी तिलाच मत घातलं असतं. आजवर त्या झरीसाठी तोंड उघडलं ते तिनेच, आणि पंचाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडून मला तेच हवं आहे. घरात तिला आगाऊ म्हणतात. ग्रामसभेत उभी राहून बोलणाऱ्या प्रत्येक बाईला आधी कुणीतरी आगाऊ म्हटलेलं असतं. मलाही म्हटलं होतं, व्हाळाचा कागद घेऊन उभी राहिले तेव्हा.

पण त्याआधी जावेला एक संधी दे. तिचं आणि तुझं अंगण एकच. पहिला मोठा पाऊस पडला की संध्याकाळी कळशी घेऊन तिला तुझ्याबरोबर झरीवर ने. दीर बरोबर नकोत. कळशी भर, पाणी थोडा वेळ तसंच राहू दे, तळाला गाळ बसतो तो तिला बघू दे. मग विचार, वरच्या बाजूच्या दुसऱ्या प्लॉटची फाईल उद्या बैठकीत आली तर तू काय करशील. तिने काय सांगितलं ते मला कळव.

तुझी,
बाई